सहा खाचांची बाटली

आमच्या गावाला अकरा वर्षं हगवण लागली होती. कागदोपत्री. अहेरीच्या अलीकडे, आलापल्लीच्या रस्त्याला चौदाशे वस्तीचं हे गाव. दवाखान्याचं रजिस्टर वाचणाऱ्याला मात्र वाटलं असतं की इथला माणूस शेतात कमी आणि शेताच्या कडेला जास्त बसतो. उन्हाळ्यात हगवण, पावसाळ्यात हगवण, आणि जानेवारीत शेजारची गावं खोकत असायची तेव्हाही आमच्याकडे हगवणच. प्रत्यक्षात आमची पोटं इतर गावांइतकीच बरी किंवा वाईट होती. रजिस्टरातले हे रोगी जमवले होते दवाखान्याचे कंपाउंडर श्रावण दुर्गे यांनी, सुवाच्य अक्षरात. त्यांतले निम्मे जन्मालाच आले नव्हते.

श्रावणभाऊ उंच, सावळे, पांढरा सदरा आणि पांढराच पायजमा घालणारे. बोलणं कमी. गावात डॉक्टर येत, आल्या आठवड्यात बदलीचा अर्ज लिहीत, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत मंगळवार-शुक्रवार दवाखान्यात बसत. बाकीचे पाच दिवस, आणि खरं तर चोवीस वर्षं, दवाखाना म्हणजे श्रावणभाऊच होते. जंगलातल्या टोल्या-पाड्यांवरून आठ-आठ कोस चालत माणसं यायची ती घरून बाटली घेऊन. श्रावणभाऊ ती धुवायचे, मिक्श्चर भरायचे, बूच लावायचे. मग कागदाची लांब पट्टी दुमडून तिच्या कडेला कात्रीने सहा खाचा पाडायचे आणि पट्टी बाटलीला उभी चिकटवायचे. "सकाळी एक खाच, दुपारी एक, सांजच्याले एक. खाच उतरली का झाकण लावाचं." अक्षरओळख नसलेल्यालाही समजेल असं सरकारने आमच्या भागात तोवर एवढंच लिहिलं होतं.

छप्पन साली चांद्याला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा भाऊ वीस वर्षांचे होते. बापाबरोबर बैलगाडीने गेले. परत आल्यावर बापाने घरातले देव टोपलीत भरून प्राणहितेत सोडले. मोहाची दारू सोडायला मात्र भाऊंना आणखी सतरा वर्षं लागली. त्र्याहत्तर साली ते लसीच्या पेटीसकट सायकलवरून नाल्यात पडले आणि तासभर तिथेच बसून राहिले. पुढच्या रविवारी विहारात, भरल्या वंदनेत, त्यांनी शपथ घेतली. त्यानंतर दारूच्या थेंबालाही शिवले नाहीत. गावात असं पहिल्यांदाच झालं होतं. विहार समितीने त्यांना वंदनेच्या पुढे बसवलं. बायका पिणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून त्यांच्याकडे आणू लागल्या: "पाह्य त्या भाऊकडे. माणूस नाई का थो?"

दारू गेली, पण जाताना झोप घेऊन गेली. हात थरथरायचे. खाचा वाकड्या पडायच्या. दवाखान्याच्या कुलपातल्या कपाटात अफूच्या अर्काची तपकिरी बाटली असायची. हगवणीच्या आणि आवेच्या मिक्श्चरमध्ये तो अर्क थोडा थोडा घालायचा असे. एका दुपारी भाऊंनी तो अर्धी खाच घेतला. हात थांबले. त्या दिवशी झोपही लागली.

पाचवं शील म्हणताना भाऊंचा आवाज खणखणीत लागायचा. दारू, मादक पदार्थ, भान हरवणारी प्रत्येक वस्तू यांपासून मी अलिप्त राहीन. औषध या यादीत येत नाही, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. अर्ध्या खाचेची एक झाली, एकीच्या दोन. अकरा वर्षांनी, म्हणजे चौऱ्याऐंशी सालात, ते साखरपाण्यात अर्क कालवून पिपरमेंट टाकलेली सहा खाचांची अख्खी बाटली रोज संपवत होते: दोन सकाळी, दोन दुपारी, दोन संध्याकाळी. रोग्याला सांगायचं ते वेळापत्रक त्यांनी स्वतःही काटेकोर पाळलं, फक्त खाचा दुप्पट. एवढा अर्क कुठे गेला हे दाखवायला गावाला हगवण लागणं भाग होतं. आणि खऱ्या रोग्यांच्या मिक्श्चरमध्ये मग उरायची ती खडूची पूड, पिपरमेंट आणि पाणी.

हे त्यांच्या बायकोला, कांताबाईंना, माहीत होतं का? नवरा झोपेचं औषध घेतो एवढं माहीत होतं. त्याच्या तोंडाला पिपरमेंटचा वास येतो हेही. दारूच्या वासापुढे हा वास त्यांना स्वर्गासारखा वाटायचा, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

मार्च महिन्यात सुकलू आला. जंगलातल्या टोल्यावरचा पन्नाशीचा माणूस, रक्ती आवेने बेजार. भाऊंनी त्याला बाटली भरून दिली, पट्टी लावून दिली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी त्याच्या मुलांनी त्याला खाटेवर घालून आणला होता. खाटेवरूनच त्याने रिकामी बाटली वर धरली.

"सहाही खाचा पेलो, भाऊ. तुमच्या औषधात आता दम नाई राह्यला."

त्यात रागही नव्हता. कपाशीला यंदा बोंडं कमी आहेत, असं सांगावं तसा तो सांगत होता. भाऊंनी त्याला जीपमध्ये घालून अहेरीला पोचवला, आणि तो वाचला. पण त्या संध्याकाळी भाऊंनी आपल्या बाटलीच्या दोन खाचा घेतल्या नाहीत. घाम फुटला, पाय ताठले, नाक वाहू लागलं. तासाभराने चार घेतल्या.

वैशाखात विहार समितीने दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठरवलं. दहा गृहस्थांनी मुंडन करून चीवर नेसायचं, दहा शीलं पाळायची, सकाळी दारोदार भिक्षा मागायची, बाराच्या आत जेवायचं आणि नंतर पाण्याशिवाय काही नाही, बुद्धपौर्णिमेला समारोप. नागपूरकडून एक वृद्ध भंतेजी येणार होते. समितीचे अध्यक्ष भाऊंच्या घरी आले आणि म्हणाले, "पह्यलं नाव तुमचंच लिवलं. तुमी नाई बसान तं मंग कोन बसन?"

भाऊंनी नाही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, हाच उपाय आहे. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांसमोर शपथ घेतली आणि दारू सुटली. तशीच ही बाटलीही सुटेल. हगवणीवर कोणतं औषध, खरजेवर कोणतं, हे चोवीस वर्षं सांगणाऱ्या माणसाने स्वतःवर उपाय निवडला तो शपथेचा. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या वस्तीत शपथेने खरोखरच बरंच काही बदललेलं होतं: नावं, देव, धंदे, लग्नाच्या रीती. शपथेवर आमचा भरवसा होता, आणि औषधावर जेमतेम.

चीवरं शिवायला टाकली गफ्फारकडे. बसथांब्याजवळ त्याचं शिंपीकामाचं दुकान, आणि भाऊंशी लहानपणापासूनची दोस्ती.

"भाऊ, याले गुंडी नाई, खिसा नाई, काज नाई," गफ्फार म्हणाला. "शिलाई कायची घेऊ म्या?"

"खिसाच नोको, गफ्फार."

"ते तं खरं. पर तुमी बिना खिशाचे राहान का दस दिन?" त्याने सहज विचारलं होतं. भाऊंच्या खिशात बाटली असायची, आणि तिचा आकार शिंप्याच्या नजरेतून सुटत नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी भाऊंनी करगोट्याची किल्ली सोडून कांताबाईंच्या हातावर ठेवली. कपाटात काय आहे आणि आपण रोज किती घेतो, ते त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. कांताबाईंनी बाटलीवरची पट्टी नखाने सोडवली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

"दहा दिवस किल्ली देऊ नोको," भाऊ म्हणाले. "पाया पडलो तरी देऊ नोको."

"बरं."

"बरं नाई. आन घे."

कांताबाईंनी शपथ घेतली. घरात आता दोन शपथा झाल्या.

पहिल्या दिवशी दहा मुंडन केलेले पुरुष रांगेत, अनवाणी, हातात वाडगा घेऊन गावातून फिरले तेव्हा गाव रस्त्यावर आलं होतं. पंचेचाळीस अंशांचं ऊन. भाऊ पुढे. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. ते पाहून बायकाही रडू लागल्या. "करुणा म्हंतेत ते हेच व्हय," कुणीतरी म्हणालं. भाऊंचं नाक वाहत होतं, ते चीवराने पुसत होते. लोकांना हुंदका वाटला. ते सारखे जांभया देत होते. लोक म्हणाले, सारी रात ध्यान केलं असन. एका म्हातारीने त्यांच्या पायांखालची माती कपाळाला लावली.

रांग स्वतःच्या घरी आली. चीवर नेसलेला माणूस दहा दिवस कुणाचा नवरा नसतो. बायकोनेही त्याला भंतेजी म्हणायचं, हात जोडायचे, वाकून पाया पडायचं. कांताबाई वाडग्यात भात घालून खाली वाकल्या, आणि पायांवर डोकं टेकवताना त्यांना भाऊंच्या पिंडऱ्या दिसल्या. भर उन्हात त्यांच्यावर काटा उभा होता, सोललेल्या कोंबडीसारखा. आणि उभ्या जागी पाय थडथडत होते.

"भंतेजी," त्या खालूनच म्हणाल्या, "बरं हाय ना?"

भाऊंनी वाडगा छातीशी घट्ट धरला. त्यांचे दात वाजत होते.

कांताबाई तडक गफ्फारच्या दुकानात गेल्या. गफ्फारचा धाकटा भाऊ जहीर कोळशाच्या ट्रकवर होता. दूरचे ड्रायव्हर अफूची गोळी जिभेखाली ठेवून तीन दिवस गाडी हाकत; त्यांच्याकडून जहीरलाही ती सवय लागली होती. गफ्फारने मशीनचं चाक हाताने थांबवून सगळं ऐकलं.

"नाक पाण्यावानी वाहून राह्यलं?"

"हो."

"जांभया? काटा?"

"हो."

"भाभी, हे भक्ती नाई. जहीरले असंच झालं होतं. अब्बांनं त्याले खोलीत कोंडला, म्हने एकदम सोडवतो. चौथ्या दिवशी पोटातलं पानी सारं गेलं, डोळे आत गेले. सलाईन लागली म्हनून वाचला थो. दस दिन भाऊले या उन्हात असेच ठेवले तं पौर्णिमेले पोरांच्या खांद्यावर येतीन घरी."

"म्या आन घेतली हाय."

"आन मंग काय, मयतीवर टाकाची हाय?" गफ्फार म्हणाला, आणि लगेच आपलीच जीभ चावली.

तिसरा दिवस मंगळवार, डॉक्टरांचा वार. सकाळीच भाऊ, शिबिर भरलं होतं त्या शाळेच्या व्हरांड्यात, कोसळले होते. उलट्या, पोटात पीळ, आणि हगवण. अकरा वर्षं रजिस्टरात लिहिलेली, आता खरी. तेव्हाचे डॉक्टर सव्वीस वर्षांचे, नागपूरचे. त्यांनी ऊन लागल्याचं निदान केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि चिठ्ठी लिहिली: हगवणीचं मिक्श्चर, दिवसातून तीनदा. इतवारी शिपाई दवाखान्यात गेला. कंपाउंडर स्वतःच आजारी, तेव्हा फळीवर भाऊंनीच शिबिराआधी करून ठेवलेल्या मिक्श्चरची बाटली त्याने आणली. वर सहा खाचांची सुबक पट्टी.

बाटली पाहताच भाऊंनी तोंड फिरवलं. ही बाटली आपणच भरली हे त्यांना ग्लानीत आठवलं नाही; वाटलं, हिच्यात अर्क आहे. आपण जी सोडायची शपथ घेतली तीच वस्तू डॉक्टर न कळता आपल्याला देतो आहे.

"नाई. मोडते."

"बारा वाजून गेले म्हनून म्हनतेत," इतवारीने डॉक्टरांना समजावलं. "नियम हाय त्यायचा. पक्के हायत भाऊ."

भंतेजी जवळ येऊन बसले. "औषधाला वेळ लागू नाही. औषध म्हणून घ्या."

भाऊ हसले. म्हणजे ओठ ताणले गेले. "भंतेजी, अकरा वर्षं हेच म्हनून राह्यलो मी."

भंतेजींना ते कळलं नाही. दुपारी पोटातला पीळ आणखी वाढला. भाऊ मातीत लोळू लागले, आणि शेवटी त्यांनीच बाटलीकडे हात केला. त्यांनी एक खाच घेतली. मग पट्टीकडे न बघता उरलेली बाटली तोंडाला लावली. घोट घशाखाली गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय घडलं ते, खबर ऐकून उशाशी येऊन बसलेल्या कांताबाई पुढे कधी विसरल्या नाहीत. खडू. पिपरमेंट. पाणी. यातला अर्क त्यांनी स्वतःच पिऊन संपवला होता. शपथही मोडली, आणि मिळालं काहीच नाही.

"सुकलू खरा बोलला," ते म्हणाले. मग ते सगळं उलटून पडलं.

कांताबाई उठल्या. व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टर हात धूत होते.

"साहेब, त्या बाटलीत काई नाई. त्यायनंच बनवली थे. त्यातली अफू त्यायच्याच पोटात गेली."

डॉक्टरांच्या हातावरचा साबण तसाच राहिला. "किती?"

कांताबाईंनी कमरेची पिशवी उघडून घडी केलेली पट्टी त्यांच्या ओल्या हातावर ठेवली. "सहा. रोज. अकरा वर्ष झाले." आणि पट्टीशेजारी किल्ली. "नोकरी घ्याची तं घेजा. आधी यायले वाचवा."

डॉक्टरांनी नोकरी घेतली नाही. माणूस मनाने चांगला होता. शिवाय गेल्या आठ महिन्यांच्या प्रत्येक मागणीपत्रावर त्याची सही होती.

उरलेले सात दिवस भाऊ दवाखान्यातल्या खाटेवर, चीवरात, सलाईन लावून पडले होते. डॉक्टरांनी स्वतः अर्क मोजून पाजला, आणि सांगितलं की ही वस्तू अशी तोडायची नसते, उतरवायची असते. भंतेजींना भाऊंनी स्वतःच सारं सांगितलं. भंतेजींनी त्यांच्या अंगावरचं चीवर नीट केलं. मग म्हणाले, "तेव्हा तुम्ही स्वतःच्या हाताने घेत होता. आता दुसऱ्याच्या हातून घ्या. सध्या एवढाच फरक करू."

गावाने यातून आपल्याला हवं तेवढं घेतलं. भाऊ तपश्चर्येत बेशुद्ध पडले, पण चीवर उतरवलं नाही. पौर्णिमेला त्यांना खाटेसकट मिरवत विहारात नेलं.

मग घरी कांताबाईंनी कात्री हातात घेतली. डॉक्टर मंगळवारी आठवड्याचं औषध मोजून देत. गफ्फारने दिलेल्या कात्रीने त्या पट्टी कापत. पहिल्या आठवड्यात पाच खाचा, दुसऱ्यात चार. तीनवरून दोनवर येताना भाऊंनी रडून, शिव्या देऊन, एकदा खरोखर पाया पडून आणखी एक खाच मागितली. कांताबाई म्हणाल्या, "भंतेजी होता तवा म्या तुमच्या पाया पडली होती. फिट्टंफाट झाली आता." आषाढ लागताना अर्धी खाच उरली, आणि मग ती पण गेली.

शेवटच्या मंगळवारी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आता एक लक्षात ठेवा. सहा खाचा पचवायला शरीराला अकरा वर्षं लागली होती. ते आता विसरलं. मन विसरणार नाही, आणि धोका तिथेच आहे. जुन्या मापाने एकदा जरी घेतलं, तर झोप लागेल आणि श्वास घ्यायचा राहून जाईल."

भाऊंनी मान हलवली. त्यांना हे माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत होतं.

डॉक्टरांनी किल्ली परत कांताबाईंकडेच दिली, आणि ती त्यांच्या पदराला राहिली. रोज सकाळी त्या भाऊंबरोबर दवाखान्यात जात, कपाट उघडत, भाऊ त्यांच्यासमोर मिक्श्चर कालवत, त्या कुलूप लावत. इतवारी थट्टा करायचा, "आली का बाई दवाखान्याची तिजोरी?" गावात बोलणं झालं की भाऊंच्या बायकोला संशयाचा रोग आहे. श्रावणात सुकलू पुन्हा येऊन गेला. दोन दिवसांनी मुद्दाम सांगायला आला, "भाऊ, आता दम आला औषधात." त्या दिवशी भाऊ घरी येऊन कधी नव्हे ते मोठ्याने हसले. गावाच्या रजिस्टरातली हगवण एकाएकी थांबली, आणि वरच्या ऑफिसातून त्याबद्दल कौतुकाचं पत्रही आलं.

पण झोप आली नव्हती. पाय रोज नाचायचे. भाऊ म्हणायचे, "आंगात कोनी दुसराच राहून राह्यला."

भाद्रपदात डॉक्टरांचा बदलीचा अर्ज मंजूर झाला. जाताना ते नव्या डॉक्टरांना सांगणार होते. पण नवे डॉक्टर चार दिवस उशिरा आले, आणि जुने तोवर थांबले नाहीत. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच सकाळी कांताबाईंना कपाट उघडताना पाहिलं.

"सरकारी कपाटाची किल्ली घरच्या बाईच्या पदराला? नियमाने ती कंपाउंडरकडे पाहिजे."

"माह्याजवळच राहू द्या, साहेब."

"कारण?"

कांताबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ फरशीकडे पाहत होते. कारण सांगायचं म्हणजे अकरा वर्षांचं रजिस्टर सांगायचं. हा डॉक्टर वेगळा होता, आणि त्याची सही कशावरच नव्हती. पेन्शनला नऊ वर्षं उरली होती. कांताबाईंनी पदराची गाठ सोडली. भाऊंनी किल्ली मिळाल्याची सही केली. नियम पाळला गेला.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, विहारात भाऊंचा सत्कार ठेवला होता: दारू सोडून अकरा वर्षं, आणि शिबिरातला निग्रह. भाऊंनी माईक धरला.

"म्या तपश्चर्या नाई केली. मी बिमार होतो. मी दवाखान्यातली अफू…"

"हाच तो!" अध्यक्षांनी माईक हातात घेतला. "हाच तो मोठ्या माणसाचा विनय! तपश्चर्या करून म्हनते, केली नाई!" टाळ्यांनी मंडप हलला. भाऊ शाल सावरत खाली उतरले. घरी जाताना कांताबाईंना म्हणाले, "आयकूनच नाई घेत कोनी." एवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी इतवारी चहा घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा भाऊ टेबलावर डोकं टेकवून झोपले होते. पुढ्यात कात्री होती, कागद होता, अर्धवट कापलेली पट्टी होती. इतवारीने चहा झाकून ठेवला. झोपत नाही म्हणून सगळा गाव हळहळत होता, त्या माणसाला उठवायचं कसं? चहा निवल्यावर त्याने हात लावला.

नव्या डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडून मृत्यू असं लिहिलं. ती बंद पडली होती, यात चूक काही नाही. बाटली कांताबाईंना टेबलाच्या खणात सापडली. तिच्यावर सहा खाचांची पट्टी होती आणि औषध चौथ्या खाचेपर्यंत भरलेलं होतं. ते दोनच खाचा प्यायले होते. पूर्वी रोज सकाळी घ्यायचे तेवढ्याच.

शोकसभा विहारात झाली. किती शांत चेहरा होता, असा माणूस पुन्हा होणे नाही, असं लोक म्हणाले. अध्यक्षांनी शिबिराची आठवण सांगितली. मग रीतीप्रमाणे विचारलं, बाईंना काही बोलायचं आहे का. सहसा बाया मान हलवतात. कांताबाई उठल्या, पिशवीतून बाटली काढली आणि बुद्धमूर्तीपुढच्या चौरंगावर, मेणबत्तीशेजारी, ठेवली.

"भाऊ दसऱ्याले सांगत होते थे तुमी टाळ्यायनं बुजवलं. म्या सांगतो." आणि सगळं सांगितलं. अफू, खडू, रजिस्टर, काटा आलेले पाय, किल्ली. "डाक्टरले एकदा म्या बोलली तं हे वाचले. दुसऱ्या डाक्टरपुढं पेन्शन आठवली, तं चूप बसली. थे माह्यावर हाय. पर दोन खाचायनं माणूस मरते, हे तुमाले माहीत असावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता जाहीर केली. ती आधीच सुरू झाली होती.

नंतर महिनाभर कांताबाईंच्या घराकडे कुणी फिरकलं नाही. गफ्फार तेवढा यायचा, दारात बसायचा, जहीरची खुशाली सांगायचा. मग एका सोमवारी सकाळी विहाराच्या बाजूची कलाबाई आली. तिचा नवरा अहेरीच्या दुकानातून खोकल्याच्या बाटल्या आणून पितो, चार-चार एका दिवसात, हे गावाला माहीत नव्हतं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "बाई, आन घालून खोलीत कोंडू का त्याले? भाऊसारखं एकदमच?"

कांताबाईंनी तिला आत घेतलं.

"एकदम नाई," त्या म्हणाल्या. "उद्या मंगळवार हाय. डाक्टरकडे आन त्याले. मी येतो संगं, म्याच बोलतो." आणि कात्री शोधायला उठल्या.